फरक स्पष्ट करा

उर्वी घरत, इयत्ता सहावी, जिन्यातूनच ओरडत आली,
"आबा, तुमच्या गॅलरीत हमिंगबर्ड!"
म्हटलं, बाई गं, तो पक्षी आपल्याकडचा नाही.
सात समुद्र ओलांडून, भांडुपला येऊन,
टेंभीपाड्यातल्या चौथ्या मजल्यावर
एका पेंटासच्या कुंडीसाठी तो कशाला तडमडेल?
"मग काय आहे ते?"
मी चष्मा शोधेपर्यंत ते गेलेलं.

दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन बसलो.
चाळीस वर्षं ठाकूरद्वारला जिन्याखाली घड्याळं उघडली,
त्यातलं हे भिंग उरलंय, आणि बसायची सवय.
आधी आला शिंजीर.
कपड्यांच्या तारेवर टेकला, इकडे तिकडे पाहिलं,
जास्वंदीच्या देठाशी भोक पाडून
मागच्या दाराने मध पिऊन गेला.
ऑक्टोबरात त्याचा जांभळा कोट उतरलेला असतो.
उरते गळ्यावरून पोटावर आलेली एक काळी पट्टी,
रविवारीही टाय न सोडणाऱ्या हेडक्लार्कसारखी.

मग तो.
टेकलाच नाही.
फुलासमोर हवेत कुणी खिळ्याला टांगावा तसा थांबला
आणि तोंडाखालची गुंडाळी सोडली.
ती मी ओळखली.
लेडीज घड्याळातली हेअरस्प्रिंग!
सरळ होते, पुन्हा जागच्या जागी बसते,
आणि चिमटा लागत नाही.

"मिशा आहेत. म्हणजे पतंग," उर्वी म्हणाली.
वहीत दोन रकाने आखलेले.
बाईंनी प्रश्न दिलाय, फरक स्पष्ट करा, गुण पाच.
पाय दोन, पाय सहा.
अंगावर पिसं, अंगावर खवले.
पक्षी दिवसा उडतो, पतंग रात्री,
असं लिहिलं तिने, आणि माझ्याकडे पाहिलं.
सकाळचे साडेनऊ.
तिने ओळ खोडली, इतकी की कागद फाटला.

अनंताचं सांगायचं राहिलं.
तो कुमुदिनीने लावलेला.
ती गेली त्या साली तीन फुलं आली, पुढे नुसती पानं,
आणि या भाद्रपदात पानंही नाहीशी व्हायला लागली.
हिरवी अळी, शेपटीवर शिंग.
चिमट्याने उचलली, गॅलरीबाहेर हात नेला,
तर हीच कार्टी, "आबा, तिची पण जेवायची वेळ असेल ना."
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात माती घालून ठेवली.
अळी मातीत गेली. मी विसरलो.

त्या शुक्रवारी डब्यात खरखर झाली.
बाहेर आला तो कुठलाही पतंग,
पंख राखाडी, दुकान बंद असताना काचेवर धूळ बसते तसे.
काडीवर चढला. बराच वेळ काही नाही.
चहा थंड झाला.
मग तो थरथरला,
आणि त्या पहिल्याच थरथरीत सगळी धूळ झडली,
माझ्या भिंगावर, बाहीवर, उर्वीच्या वहीवर,
आणि त्याच्या पंखातून मला
समोरची बी विंग दिसली,
तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या उशीच्या खोळींसकट.

उर्वीने लिहिलं,
शिंजीर दरवर्षी कपडे बदलतो. पतंग एकदाच झटकतो.
म्हटलं, हे पुस्तकात नाही.
म्हणाली, "गॅलरीत आहे."
बाईंनी चार दिले. एक अक्षराचा कापला.

पेंटासवर रोज कुणीतरी येतं.
त्यातला आमचा कोणता, कळायला मार्ग नाही.
दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या झाकणाला
मी आतून तारीख कोरायचो, बारीक, गिऱ्हाइकाला न दिसणारी.
इथे कुठे कोरणार?
शिंजिराचं बरं आहे, पट्टी बघून "तो आला" म्हणता येतं,
तोही तोच असेल असं नाही.

अनंताला दोन पानं फुटलीत.
एकाच्या पाठीशी अंडं आहे,
खसखशीपेक्षा मोठं, मोहरीपेक्षा लहान.
चिमटा खणात आहे.
उर्वीला अजून सांगितलेलं नाही.